किल्लीवर मी होते

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अंदाजाने सांगत नाही. ट्रकच्या डॅशबोर्डवर यांनी हिरव्या काट्यांचं घड्याळ चिकटवलं होतं, आणि किल्लीला पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी त्यातच बघितलं होतं. चौऱ्याण्णव सालचा जानेवारी संपत आला होता.

राजघाटचा पूल ओलांडला की पडावच्या अड्ड्यावर ट्रक उभे राहायचे. आमचा ओळीत शेवटचा. कोहरा, म्हणजे धुकं, असं की शेजारच्या ट्रकचं चाक दिसत होतं, पण वरचा ट्रक दिसत नव्हता.

आमची खोली पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. सासरे घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगत. यांनी, म्हणजे वेणीमाधवांनी, पळी-पंचपात्र सोडून स्टिअरिंग धरलं. सासूबाईंच्या लेखी मुलगा तेव्हाच वाया गेला. हा ट्रक यांनी दिवाळीनंतर विश्वेश्वर मिस्त्रीकडून घेतला होता. पहाडातल्या रस्त्यांच्या कामावरून लिलावात निघालेला, लांब नाकाचा. थंडीत चालू व्हावा म्हणून त्याला हीटर होता. किल्ली पहिल्या खटक्यावर नेली की लाल दिवा लागायचा, आत कुठेतरी रिले टक करायचा, आणि इंजिनात जाणारी हवा गरम व्हायची. मग दुसऱ्या खटक्यावर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर. रिले म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी. पातळ वायरीने इशारा मिळाला की ती जाड वायरीतून वीज सोडते. हीटरचे असे दोन असतात. हे सगळं मला यांनीच शिकवलं, त्या सकाळी, पुलावरून रिक्षाने येताना. आठवडाभर ट्रक सकाळी चालू होत नव्हता. टक ऐकू यायची, पण हीटर थंडच.

"क्लीनर कुठे आहे तुमचा?" मी विचारलं.

"संक्रांतीची खिचडी खायला गावाला गेलाय. हंडा संपवूनच येणार बहुतेक."

म्हणून मी. सासूबाई माघस्नानाला घाटावर उतरलेल्या, म्हणून मांडीवर दीड वर्षाची मधुरा, शालीत गुंडाळलेली.

"नीट ऐक, बकुळ. रिले कुठे आहे तेच मला सापडत नाहीये. मी बोनेटमध्ये हात घालून चाचपडणार. 'अगं, फिरव' म्हटलं की किल्ली पहिल्या खटक्यापर्यंत. जिथे टक वाजेल तिथे बोटाला कळतं. पण पुढे गेलीस तर सेल्फ लागेल, पंखा फिरेल. माझा हात आतच असणार."

"मग मला नका बसवू. मला भीती वाटते."

"तुला दूध उतू जाईल याचीही भीती वाटते. मी हाक देईन तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं लावायचं नाही."

"नाही लावत."

त्यांनी बोनेट उघडलं. समोरची सगळी काच झाकली गेली. आता मला फक्त पत्रा दिसत होता, आणि त्याच्या कडेने हलणारा टॉर्चचा उजेड.

"अगं, फिरव."

मी फिरवली. लाल दिवा. टक.

"केबिनच्या भिंतीला असतात म्हणाला मिस्त्री. इथे तर काहीच नाही. टक खालून येतेय... बंद कर." थोडा वेळ गेला. "अगं, फिरव."

टक.

"अजून खाली आहे. पुढच्या बाजूला. कोणी नेऊन लावला इतक्या आत... बंद कर... अगं, फिरव."

टक.

"हां. थोडं पुढे. बंद कर. थांब, दोन्ही हात लागणार."

उजेड हलला आणि एका जागी स्थिर झाला. मी किल्लीवर बोटं ठेवून बसले. कोहऱ्यात लांब कुठेतरी चहाची शेगडी पेटवल्याचा धूर, डिझेलचा वास. आणि त्यात हळूहळू एक तिसरा वास यायला लागला, तव्यावर केस पडावा तसा.

"अगं, फिरव."

फिरवली. टक. आता ती टक मला पायाखाली जाणवली.

"अगं, फिरव."

"अहो, फिरवलेलीच आहे."

"बंद कर... फिरव."

आवाज त्यांचाच होता. फक्त जरा जवळून येत होता, बोनेटच्या पलीकडून यावा तसा नाही. मला वाटलं, कोहऱ्यात आवाज असाच येत असेल. मधुरा मात्र बोनेटकडे बघत नव्हती. माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत होती.

"अगं... सेल्फ मार."

"हात काढलात ना?"

"काढला."

"नक्की काढला? दोन्ही?"

"काढला गं... मार सेल्फ."

तीनदा विचारायची माझी सवय. घरी सगळे हसतात त्यावर. तिसऱ्यांदाही विचारलं मी.

"काढला."

मी मारला. आठवडाभर कण्हणारं इंजिन एका झटक्यात लागलं. इतकं छान लागलं की मधुरा टाळ्या वाजवायला लागली.

"रेस दे."

मी पाय दाबला.

"अजून... अजून दे."

मी अजून दाबला. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आनंद झाला होता मला, खोटं का बोलू. माझ्या हातून काहीतरी नीट झालं होतं. घड्याळात सहा पंचवीस झाले होते. मग मधुराला कडेवर घेऊन मी खाली उतरले, "झाला बघा चालू" म्हणत समोर गेले.

ते उभेच होते. रेडिएटरवर ओणवे, उजवा हात मनगटापर्यंत आत. पंखा फिरत होता. डोळे माझ्याकडेच होते. ओरडत नव्हते, कारण ओरडता येत नव्हतं. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी टॉर्च दातांत धरला होता, आणि तो दातांतच रुतला होता. चालू होता. त्याचा उजेड मधुराच्या तोंडावर पडला.

चहाच्या शेगडीपासून विश्वेश्वर मिस्त्री पळत आला. त्यानेच इंजिन बंद केलं. टॉर्च काढायला जबडा उघडावा लागला. टॉर्चच्या पत्र्याला चार दातांची भोकं पडली होती.

दवाखान्यात हात मनगटाच्या वरून कापला. तिसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोलले.

"मी सांगितलं होतं, डोकं लावू नकोस."

"तुम्हीच म्हणालात, सेल्फ मार. मी तीनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, काढला."

"टॉर्च तोंडात धरल्यावर मी एक अक्षर बोललो नाही."

"अहो, 'अगं' म्हणून हाक दिलीत तुम्ही. त्या अड्ड्यावर मराठी बोलणारं दुसरं आहे कोण?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून होत्या. म्हणाल्या, "सातवीपर्यंत शिकवून पाठवली बापाने. मला वाटलं होतं, निदान ऐकू येत असेल."

पंधरा दिवसांनी मिस्त्री घरी आला. यांना झोप लागली होती. मला जिन्यात बोलावलं.

"बहू, दोनों रिले मिल गए. केबिन की दीवार पर ही थे, अपनी जगह. ऊपर बरसों की धूल, किसी ने छुआ तक नहीं. दोनों जले हुए."

"आणि पंख्याजवळ होता तो?"

"पंखे के पास कुछ नहीं है. एक तार भी नहीं."

यांनी मला दवाखान्यात दहादा सांगितलं होतं, बोटाखाली टक वाजत होती, डबी गरम होती, नाडीसारखी उडत होती. ते मी मिस्त्रीला सांगितलं. आवाजाचंही सांगितलं.

"आवाज किस बोली में था?"

"आमच्या. मराठीत."

"पिछली बार पंजाबी में था," तो म्हणाला. "जिनका हाथ गया, वो सरदारजी थे. चाबी पर उनका भाई बैठा था."

"आणि तुम्ही आम्हाला विकताना बोलला नाहीत?"

"बोलता तो कौन लेता, बहू? मेरे ही अड्डे पर सड़ती."

मी त्याला शिव्या द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत. का ते ऐका.

होळीच्या आधी यांनी ट्रक विकायला काढला. रिले नवे बसवून घेतले. घेणारा चंदौलीकडचा, तरुण. व्यवहाराला बायकोला घेऊन आला होता. तिच्या कडेवर मूल. ती केबिनमध्ये चढून बसली, डॅशबोर्डवरच्या घड्याळाला हात लावून हसली. नवरा तिच्याशी भोजपुरीत काहीतरी थट्टा करत होता. मी खाली उभी होते, चार हातांच्या अंतरावर. हे माझ्याकडे बघत होते, उरलेला हात खिशात घालून. मी तोंड उघडलं असतं तर ट्रक राहिला असता, आमच्याच दारात. मी मधुराची टोपी नीट करत राहिले.

तो तरुण किल्ली फिरवायला वर चढला. हीटरचा लाल दिवा लागायच्या आतच इंजिन लागलं, एका झटक्यात.

आता रोज रात्री मी हाका मोजते. यांनी टॉर्च तोंडात धरायच्या आधी तीनच दिल्या होत्या. तीन वेळा "अगं, फिरव". चौथी त्यांची नव्हती. म्हणजे आवाज शिकायला ट्रकमधल्या त्याला तीनच पुरतात.

म्हणून हे लिहिलंय. तुमच्या घरातलं, ओळखीतलं कोणी ट्रकवर असेल तर एवढं कळवा. हीटरचा रिले शोधताना किल्लीवर बायकोला बसवू नका. बसवलीच तर तिला हाक देऊ नका, पत्रा वाजवा. आणि चंदौलीच्या वाटेवर लांब नाकाचा, हिरव्या काट्यांच्या घड्याळाचा ट्रक दिसला तर त्या मुलीला सांगा, नवरा तिसऱ्यांदा हाक देईल तेव्हा खाली उतर. त्यानंतरची ऐकू नकोस. ती भोजपुरीतच येईल, आणि हात काढला म्हणेल.