जिन्याखालचा बोर्ड

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हते. कुणी अशा गप्पा सुरू केल्या की मी सरळ उठून दुसऱ्या खोलीत जायचे. पण ही ऐकीव गोष्ट नाही. ही माझ्या डोळ्यांसमोर घडली.

खरं सांगायचं तर... माझ्या हातून घडली.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. रविवारची भर दुपार होती. मागच्या अंगणात लख्ख ऊन पडलं होतं आणि दोरीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या.

माझ्या ताईचं आणि दाजींचं लॉन्ड्रीचं दुकान आहे. एका जुन्या चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर. मी तिथेच काम करते, इस्त्रीच्या टेबलावर. दुकानाच्या मागे एक अरुंद बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला जिना. त्या जिन्याखाली, पायऱ्यांच्या पोटात, अख्ख्या इमारतीचा विजेचा बोर्ड होता.

होता म्हणजे कसा? काळी पडलेली लाकडी फळी. त्यावर चिनी मातीचे फ्यूज, पिवळ्या दातांसारखे. वायरींवर रबर नव्हतं, कापड गुंडाळलेलं होतं, आणि तेही हात लावला की भुगा व्हायचं. मधोमध लोखंडी पेटीत मेन स्विच. त्याचा दांडा ओढायला दोन हात लागायचे.

आम्ही वाफेची मोठी इस्त्री घेतली आणि त्या बोर्डाचं कुरकुरणं सुरू झालं. इस्त्री लावली की वरच्या मजल्यांवरचे दिवे मिणमिणायचे. जिन्याखालून कुजक्या मासळीसारखा वास यायचा. आम्ही तिथे मेलेला उंदीर शोधला. उंदीर नव्हताच. वास बोर्डाचा होता.

फ्यूज सारखा उडायचा. दाजी वैतागले. त्यांनी फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी तांब्याची जाड तार पिळून घातली.

"आता कसा उडतो तेच बघतो," म्हणाले.

खरंच उडाला नाही. पण दोन दिवसांत बोळातली भिंत हाताला गरम लागायला लागली.

ताई घाबरली आणि तिने टेस्टरकाकांना बोलावलं. टेस्टरकाका म्हणजे आमच्या गल्लीतले वायरमन. खिशाला पेन लावावं तसा टेस्टर लावून फिरायचे, म्हणून हे नाव. त्यांनी ती जाड तार बघितली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, फ्यूज उडतो म्हणून घर वाचतं. तुम्ही तर राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधून ठेवलंत. आता चोर आला तर भुंकणार कोण, तुम्ही?"

दाजी ओशाळले. घरमालकाशी भांडून ताईनेच नवा बोर्ड बसवायची परवानगी मिळवली. रविवार ठरला.

त्या सकाळी वीज कंपनीची माणसं येऊन खांबावरची लाइन उतरवून गेली. इमारतीकडे येणारी वायर अंगणात कापलेल्या शेपटीसारखी लोंबत होती. मी स्वतः बघितली. कुठल्याच घरात वीज नव्हती. इन्व्हर्टर नव्हता, जनरेटर नव्हता. हे मुद्दाम सांगतेय. नंतर सगळ्यांनी मला हेच विचारलं.

काम सुरू करण्याआधी टेस्टरकाका मला म्हणाले, "पोरी, मी चिकटलो तर हात धरून ओढायचं नाही. नाहीतर तूही चिकटशील. कोरडं लाकूड घ्यायचं आणि हातावर हाणायचं. लाजायचं नाही."

"काका, लाइन तर बंद आहे ना?"

"बंदच आहे. पण हे सांगितल्याशिवाय मी बोर्डाला हात लावत नाही. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा हेच बडबडता."

आम्ही हसलो. दाजींनी बॅटरी धरली. ताई पुढे दुकानात होती. मी बोळाच्या तोंडाशी उभी होते.

काकांनी सगळीकडे टेस्टर लावून बघितला. दिवा कुठेच लागला नाही.

"मेलेला आहे," ते म्हणाले.

आणि तेवढ्यात...

बोर्ड गुणगुणायला लागला.

मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यावर येतो ना, तसा आवाज. आधी बारीक. मग दातांत जाणवेल इतका.

दाजी म्हणाले, "काका, हे काय?"

काकांनी परत टेस्टर लावला. दिवा लागला नाही. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"मागे सरका," ते म्हणाले.

मग लोखंडी पेटीतून आवाज आला...

खटाक.

दांडा आपोआप वर गेला होता. जो ओढायला दोन हात लागायचे, तो.

काकांचा उजवा हात तेव्हा फळीवरच्या तांब्याच्या पट्टीवर होता.

त्यांचं अंग एकदम ताठ झालं. मान मागे गेली. बोटं त्या पट्टीभोवती आवळली आणि घशातून घरघर सुरू झाली. दाजी सगळं विसरले. "काका!" म्हणत त्यांनी काकांचा खांदा धरला.

मी डोळ्यांनी बघितलं. माझे दाजी अंगापिंडाने दणकट आहेत. ते उचलून फेकल्यासारखे मागे गेले. डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटलं आणि ते खाली घसरले. कानामागून रक्त आलं. बॅटरी घरंगळत गेली.

ताई धावत आली. बघितलं आणि किंचाळली.

"गाडी बोलाव! रस्त्यावर जा!" मी ओरडले. ती तशीच उलटी पळाली.

मी दुकानातून कपडे टांगायचा लाकडी दांडा उपसला. कोरडा, माझ्या उंचीचा. आणि काकांच्या हातावर हाणला.

हात सुटला नाही.

परत हाणला. फ्यूज फुटायला लागले. एकेक करून, फटाफट. चिनी मातीच्या कपच्या माझ्या गालात घुसल्या. काकांच्या तळहाताखालून धूर येत होता. जळक्या मांसाचा तो वास मी आयुष्यात विसरणार नाही.

तिसऱ्या फटक्याला काहीतरी कडाडलं. लाकूड नव्हतं ते. हाड होतं.

काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. ओठ हलले...

आवाज त्यांचा नव्हता.

कुणा तरण्या मुलाचा आवाज होता तो. रडवेला.

"मारू नका ना... मी सोडतोय... हात सुटत नाहीये... मारू नका..."

माझे हात थांबले. आणि मागून कुणीतरी म्हणालं...

"थांबू नकोस. मार."

मला वाटलं, वरचे शेजारी आले. खरंच तसंच वाटलं. बोळात एकदम गर्दी झाली होती. घामाचा वास येत होता. कुणाचं तरी कोपर माझ्या पाठीत लागलं. मानेवर श्वास जाणवत होते.

"मार. अजून मार."

"तिकडून दे. डोक्यात दे."

मला वळायला फुरसत नव्हती. मी मारत राहिले. फटक्यांचा आवाज येत होता. माझ्या एका फटक्याला चार-पाच आवाज येत होते. बोळ अरुंद आहे, घुमत असेल, असं मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी वाटलं.

शेवटी बोर्डातून निळा जाळ उसळला. फळी मधोमध फाटली. काका सुटून खाली कोसळले. माझ्या भुवया जळाल्या होत्या.

मी धापा टाकत मागे वळले. "अहो, धरा कुणीतरी त्यांना..."

बोळात कुणीच नव्हतं.

दाजी कठड्यापाशी बेशुद्ध पडले होते. पलीकडे अंगणात ऊन होतं. चादरी जागच्या हलत नव्हत्या.

वरची माणसं त्यानंतर उतरली. जिन्यावर चपलांचे आवाज झाले ते तेव्हाच. त्यातला एकही जण आधी आला नव्हता. मी प्रत्येकाला विचारलं.

दाजी वाचले. टाके पडले, महिनाभर घेरी यायची. काकाही वाचले. पण उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि दंडाचं हाड दोन जागी मोडलं.

वीज कंपनीचा साहेब येऊन बोर्ड बघून गेला. लोंबणारी वायर बघितली. परत बोर्ड बघितला.

"बाई, यात वीज नव्हती," तो म्हणाला. "यायला रस्ताच नाही."

"मग हे जळलं कशानं?"

त्याने हातातली वही मिटली. लवकर निघून गेला.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात. आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांनी माझ्या गालातल्या कपच्या चिमट्याने काढल्या. काढता काढता मी त्यांना त्या रडवेल्या आवाजाबद्दल सांगितलं.

त्यांच्या हातातला चिमटा थांबला.

"काय म्हणाला म्हणालीस?"

"मारू नका. हात सुटत नाही."

त्यांनी कापूस बाजूला ठेवला. मग बोलल्या.

"मी नवी नवरी होते तेव्हा. हा जुना बोर्ड नवीन बसवला जात होता. एक पोरगेला वायरमन होता. कुणीतरी न सांगता लाइन सुरू केली आणि तो चिकटला. सगळे धावले. ज्याला जे मिळालं ते घेऊन. काठी, फळी, खाटेचा पाय. त्याला सोडवायलाच मारत होते गं."

मग हळूच म्हणाल्या, "सुरुवातीला."

"सुरुवातीला म्हणजे?"

"तो सुटला होता. खाली पडला होता. हात जोडत होता. तरी कुणी थांबलं नाही."

"का?"

"ते मला माहीत नाही. मी जिन्यात उभी होते. त्यांचे चेहरे बघत होते. रोजची माणसं होती ती. दूध आणणारी, मुलांना शाळेत सोडणारी." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "आता त्यातलं कुणीच उरलेलं नाही. आणि मला परत विचारू नकोस."

मी परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांना भेटायला हॉस्पिटलात गेले. दारातच डॉक्टर भेटले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हातावरचे फटके समजू शकतो. जीव वाचवलात तुम्ही. पण पाठीवर? मांड्यांवर? डोक्यावर?"

"मी फक्त हातावर मारलं," मी म्हणाले.

"वेगवेगळ्या जाडीचे वळ आहेत, बाई. एका दांड्याचे नाहीत. आणि काही तर माणूस पालथा पडल्यावरचे आहेत."

काका पडल्यावर मी थांबले होते. नक्की थांबले होते. मी रोज स्वतःला हे सांगते.

मी खोलीच्या दारात आले. काका उशीला टेकून बसले होते. बायको शेजारी होती. मला बघून ते हसले. आणि मग...

त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

हसू गोठलं. त्यांनी प्लॅस्टरचा हात चादरीखाली ओढून घेतला. त्यांना मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"पोरी," ते कुजबुजले, "तू ये. तुझ्यावर राग नाही माझा. पण त्यांना बाहेर उभं कर."

"कुणाला, काका?"

"एवढी माणसं कशाला आणलीस?"

मी मागे बघितलं. लांबलचक रिकामा व्हरांडा होता.

त्यांची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी आत गेलेच नाही.

आता नवा बोर्ड आहे. पत्र्याच्या स्वच्छ पेटीत, जिन्यापासून दूर, बाहेरच्या भिंतीवर. जरा जास्त लोड आला की स्विच स्वतःच पडतो. दाजी त्याला हात लावत नाहीत. जिन्याखालची जागा विटांनी बुजवली. त्यानंतर इमारतीत काही घडलेलं नाही. दिवे मिणमिणत नाहीत, वास येत नाही. कुणाला काही दिसलेलं नाही, ऐकू आलेलं नाही. सगळे म्हणतात, संपलं एकदाचं.

मीही तसंच म्हणत होते.

मागच्या आठवड्यात मी बाजारातून येत होते. समोरून टेस्टरकाका आले. रस्ता मोकळा होता, आम्ही दोघंच होतो. त्यांनी मला बघितलं आणि ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मान खाली. डावा हात मोडक्या हातावर धरलेला. मी "काका" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही.

मी त्यांच्यासमोरून पुढे गेले.

वळणापर्यंत पोचल्यावर राहवलं नाही, म्हणून मागे बघितलं. वाटलं, आता ते निघाले असतील.

ते अजून तसेच उभे होते. अंग चोरून, भिंतीला चिकटून...

कितीतरी माणसं अजून त्यांच्यासमोरून जात असावीत, तसे.