शेवटच्या रांगेतून

"तुमच्या भाषणात मुंग्या फार आहेत." रिकाम्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून आवाज आला.

माझा विषय वाळूच्या ढिगांची घसरण. मुंग्यांचा काहीच संबंध नव्हता.

"पडद्यावर म्हणतोय. इथून अक्षरं तशीच दिसतात."

उद्या याच सभागृहात संशोधक म्हणून माझी निवड व्हायची होती, किंवा नाही. आज सराव. माझ्यानंतर त्याची पाळी, तो वनस्पतिशास्त्राचा. मी तणतणत वर गेले, त्याच्या शेजारी बसले आणि पडद्याकडे पाहिलं… खरंच मुंग्या. सगळं लॅपटॉपला नाक लावून केलेलं.

"पण काढू काय? सगळंच महत्त्वाचं आहे."

"मी पडद्याकडे पाठ करतो. तुम्ही बोला. मला नुसतं ऐकून कळणार नाही तेवढंच पडद्यावर लिहा."

"आगाऊ आहात."

"ताईही हेच म्हणते."

"ताईंचं निरीक्षण अचूक आहे."

तो हसला, पुढच्या रांगेत गेला आणि वळून बसला. म्हणजे थेट माझ्यासमोर. मी सांगू लागले — कण साचत जातात, उतार वाढतो, आणि मग एकच कण पडतो…

"परत सांगा."

"कळलं नाही?"

"कळलं. आवडलं म्हणून."

माझं पुढचं वाक्य कुठेतरी हरवलं. शेवटी तीन ओळी उरल्या आणि एक आलेख, ठसठशीत. मग त्याची पाळी. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं.

"हे काय?"

"फुलं पिवळी आहेत ना."

"दिसली तर. मागचा रंग गडद करा."

त्याने मुकाट्याने केला.

दुसऱ्या दिवशी मुख्य परीक्षक नेमके शेवटच्या रांगेत बसले. भाषण संपलं, तसं त्यांनी विचारलं, "तिसऱ्या ओळीतला कोन कोरड्या वाळूचा की ओल्या?"

म्हणजे वाचलं होतं. पुढची उत्तरं मी जवळजवळ गातच दिली.

संध्याकाळी माझी निवड झाल्याचं कळलं. तो बाहेर पायऱ्यांवर थांबला होता.

"अभिनंदन. आता सराव नाही… म्हणजे भेटायचं तर काहीतरी कारण—"

"कारण कशाला?" मी म्हणाले. "मला तू आवडतोस."

'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. तो पायरीकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल.

"हे मी म्हणणार होतो," तो हळूच म्हणाला. "दुपारपासून वाक्य जुळवतोय."

"मग म्हण की. मी कुठे जातेय?"