हिरव्यावर ब्रेक

ब्रेकबाई त्या चष्म्याच्या दुकानात शिरली ती चष्मा घ्यायला नव्हे, भांडायला.

दिवेलागणीची वेळ होती. बाहेर ड्रायव्हिंगच्या शिकवणीची गाडी कडेला उभी होती आणि तिच्यात शिकायला बसलेल्या बँकेतल्या बाई अजून छातीवरचा हात काढायला तयार नव्हत्या.

“ती बाहेरची पाटी तुमची?”

काउंटरमागचा माणूस एका फ्रेमचा स्क्रू पिळत होता. त्याने सावकाश मान वर केली. “वडिलांनी लावलेली. मी फक्त बटण दाबतो.”

“मग दाबू नका.”

पाटी म्हणजे लाल दिव्याच्या नळीचा भलामोठा चष्मा होता. दोन गोल आणि मध्ये एक कमान. चौकातल्या सिग्नलच्या नेमका मागे.

सोळा वर्षे ती लोकांना गाडी शिकवत होती. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचे, समोर बघायचे आणि आपल्या पायाखालचा दुसरा ब्रेक वेळेवर दाबायचा. या वेळेवरपणामुळेच तिला ते नाव पडले होते. आणि आज ब्रेकबाईने हिरव्यावर ब्रेक मारला होता. रस्ता मोकळा, सिग्नल हिरवा... आणि गाडी जागच्या जागी थाडकन उभी. मागची बस हातभर अंतरावर कशीबशी थांबली.

“मला दोन गोल दिसत नाहीत,” ती म्हणाली, “आठ दिसतात. एकात एक. त्यात तुमचा लाल कुठला आणि सिग्नलचा लाल कुठला, काही कळत नाही.”

त्याने पेचकस खाली ठेवला. “मोतीबिंदू झाला होता?”

“दम्याच्या औषधांनी. चाळिशीच्या आत.”

“आणि जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं भिंग बसवलंत. किती दिवस झाले?”

“पाच आठवडे. तुम्हाला कसं कळलं?”

“त्या भिंगावरच बारीक गोल कडी कोरलेली असतात. प्रकाश वाटून घ्यायला... थोडा जवळसाठी, थोडा लांबसाठी. अंधारून आलं की डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि दिव्यांभोवती ती कडी उमटतात. तुम्हाला आधी सांगितलं असेल की.”

“कागदावर लिहिलं होतं म्हणे. मोतीबिंदू असताना तो कागद वाचायचा कुणी?”

तो हसला. “चष्मा सुटावा म्हणून एवढं केलंत, आणि भांडायला आलात चष्म्याच्याच दुकानात.”

तिला हसायचे नव्हते. ओठांनी तिचे ऐकले नाही. त्याने मात्र भिंतीवरचे बटण खाली केले. बाहेरचा लाल उजेड विझला आणि रस्ता एकदम समजूतदार दिसू लागला.

“संध्याकाळची बॅच किती ते किती?”

“साडेसहा ते साडेसात.”

“तेवढा वेळ पाटी बंद,” तो म्हणाला. रुमाल उसना द्यावा इतक्या सहजपणे.

*

शस्त्रक्रियेनंतरची पहिली सकाळ तिला लख्ख आठवत होती. लांबच्या बसचा आकडा आणि औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे तिने एकाच खिडकीत उभी राहून वाचली होती. दुपारी तर तिला वहिनीच्या कानावरचा तीळही दिसला, जो वीस वर्षांत दिसला नव्हता. दिवस तिचा होता. संध्याकाळ मात्र परकी झाली. प्रत्येक दिव्यातून सुया फुटत, प्रत्येक सुईला वलय, आणि समोरून येणारी गाडी म्हणजे पाण्यात दोन दगड पडल्यासारखी.

डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने थांबा. पुष्कळदा मेंदूला सवय होते आणि तो कडी बाजूला सारायला शिकतो. नाहीच शिकला, तर भिंग बदलू. पण ते म्हणजे पुन्हा डोळा उघडणे, जोखीम आहेच.

ड्रायव्हिंग स्कूल तिच्या दादाचे. तोही मोजकेच बोलला. “अगं, तू माझी बहीण आहेस, पण गाडीत बसणारी माणसं लोकांची आहेत. तीन महिने बघू. नाहीतर संध्याकाळची बॅच मी दुसऱ्याकडे देतो, आणि तू ऑफिसात बस.”

ऑफिसात बसणे म्हणजे फॉर्म भरणे. तिला तो विचारसुद्धा सहन होत नव्हता.

बॅच संपली की ती दुकानात डोकावू लागली. आधी आभार मानायला, मग... कारण शोधायला लागू नये म्हणून त्यानेच एक काढून ठेवले. दुकानाच्या टोकाला तो एक छोटा दिवा लावी, तिला खुर्चीत बसवी आणि हातात पेन्सिल देई. “जेवढं कडं दिसतं तेवढं काढा. खोटं नको.” ती काढी. तो खाली तारीख घाली, मुंगीएवढ्या अक्षरात.

“इतकं बारीक कशाला लिहिता?”

“तुम्हाला वाचता येतं म्हणून.”

तो बेचाळिशीचा होता, आईबरोबर राहत होता आणि त्याला गाडी चालवता येत नव्हती. ती सिग्नलवरून जाताना तो दारात काच पुसत उभा असे. त्या काचेला तेव्हा धूळ नसे, हे तिला दुपारच्या उजेडात कळले होते.

आठवड्यांमागून आठवडे कागदावरची कडी लहान होत गेली. बशीएवढे कडे कपाच्या तोंडाएवढे झाले, मग बटणाएवढे.

तीन महिने भरायला दोन दिवस उरले तेव्हा ती दुकानात जवळजवळ धावतच आली. “मी डॉक्टरांना सांगणार आहे, बदलायचं नाही. सुटले मी.”

तो आनंदाने काही बोलेल असे तिला वाटले होते. तो फ्रेमची दांडी उगाच उघडत-मिटत राहिला.

“एकदा... पाटी लावून बघू या.”

“म्हणजे?”

“दोन महिने मी तुम्हाला सोपा रस्ता दिला. बाकीचे लोक दिवे बंद करणार नाहीत, बाई.”

तिला ते लागले. लागले, कारण खरे होते. ती दाराकडे गेली, आणि तिथून वळून म्हणाली, “उद्या. गाडी मी चालवणार. शेजारी तुम्ही. दुसरा ब्रेक तुमच्या पायाखाली.”

“मला गाडीतलं काही येत नाही!”

“माझं चुकलं तर दाबायचं. एवढं येईल.”

*

दुसऱ्या दिवशी त्याने आईला बटणापाशी उभे केले. आई म्हणाली, “दोन महिने लोक विचारतायत दुकान चालतंय का. लावते एकदाची!” पाटी पेटली.

तिने चौकाला एक मोठा वळसा घेतला आणि गाडी सिग्नलच्या दिशेने आणली. कडी होती. दोनाची आठ तशीच होती, फक्त फिकी, पुसलेल्या फळ्यावरच्या खडूसारखी. आणि त्यांच्या पुढे, वेगळा, आपल्या जागी, एक दिवा होता.

“लाल,” ती मोठ्याने म्हणाली.

“लाल,” तो पुटपुटला.

गाडी रेषेवर अलगद थांबली. त्याचा पाय उगाच ब्रेकवर टेकला होता, दाबायची वेळच आली नव्हती. बदलायचे नाही. संध्याकाळ तिची झाली होती.

“हिरवा,” ती म्हणाली, आणि क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली.

तिने खाली पाहिले. त्याचा पाय ब्रेकवर घट्ट होता.

“चष्मेवाले, हिरवा आहे.”

“दिसतोय.”

“मग पाय काढा.”

“काढतो. पण...” मागून हॉर्न वाजू लागले. “तुमचे डोळे आता बरे झाले. उद्यापासून दुकानात यायचं काही कारण उरत नाही. मला ते... बरं वाटत नाहीये. लग्नाचं विचारायचं होतं. पाय काढला की तुम्ही निघून जाल.”

ती त्याच्याकडे वळली. सगळा चौक कड्यांनी भरला होता. पण चेहऱ्यांना कडी नसतात. त्याची डावी भुवई, तिच्यातला एकुलता एक पांढरा केस, खालची घाबरलेली पापणी, सगळे तिला बिनचष्म्याचे, जवळून, स्वच्छ दिसले.

“हिरव्यावर ब्रेक मारणारी मी एकटीच आहे असं वाटत होतं मला,” ती म्हणाली.

मागच्या बसचा हॉर्न आता थांबायलाच तयार नव्हता. सिग्नल पुन्हा लाल झाला.

“एक हिरवा वाया घालवलात. पुढच्याला पाय काढा. उद्या साडेसहाच्या बॅचला नाव घाला, आणि रविवारी आईंना घेऊन घरी या. दादाशी बोला.”

“म्हणजे... हो?”

“आणि पाटी आता चालूच राहू द्या,” ती म्हणाली, आणि समोर बघत हिरव्याची वाट पाहू लागली.