बुजवलेली वाट

भिंतीचा गिलावा तडकला म्हणून निकिताचा फोन आला, आणि अल्मास भरदुपारी नगरहून शेवगावकडे निघाली. जागा सांगेल तसं घर बांधायचं, हा या आर्किटेक्टबाईंचा हट्ट. निकिताच्या रानातून बायकांची विहिरीवर जायची जुनी पायवाट होती. अल्मासनं ती मोडली नाही. दोन्ही अंगांना खोल्या काढल्या आणि मधून वाट तशीच मोकळी ठेवली. वाराही छान खेळायचा. पण निकिताची वर्षभराची लेक ज्ञानेश्वरी रांगत विहिरीकडे निघायला लागली, तसा निकिताच्या जिवाला घोर लागला. मग अल्मासनंच विहिरीकडचं तोंड भिंत घालून बंद करून दिलं.

आज आत पाऊल टाकताच शेवाळाचा वास आला. विहीर तर कधीचीच आटलेली.

"ज्ञानू पहिल्यापासनं असं बघायची, मॅडम," निकिता हळूच म्हणाली. "दारापासनं विहिरीपर्यंत... कुणीतरी चाललंय असं. आम्ही हसायचो. आता बघा."

गोधडीवर बसलेल्या ज्ञानूची नजर दारापासून निघाली, भिंतीपाशी अडली आणि माघारी वळून तिच्या स्वतःच्या समोरच येऊन थांबली. मग पुन्हा दाराकडे गेली. पुन्हा तसंच.

"येनारीला वाट ठिवली, जानारीची बुजवली," निकिताच्या सासूबाई, बनुबाई, कोपऱ्यातून पुटपुटल्या. "मंग विहिरीवरच्या त्या जुन्या बाया जातील कुटं? घरात लई दाटी झालीया..."

अल्मासचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी ती एक पाऊल मागं सरली. कारण ज्ञानूनं दोन्ही हात वर केले होते, कडेवर घ्या म्हणताना करायची तसे. समोर कुणीच नव्हतं.

"पाडा ती भिंत!" निकिता किंचाळली.

गिलाव्यासाठी बोलावलेल्या गवंड्यांचा घण ओसरीतच पडला होता. अल्मासनं स्वतः घाव घातले. विटा ढासळल्या, ऊन आत आलं, आणि तिच्या खांद्याला काहीतरी गार, ओलसर घासून बाहेर गेलं. मग आणखी एक. मग आणखी... ती बाजूच्या भिंतीला चिकटून डोळे मिटून उभी राहिली. हळूहळू वास ओसरला.

"गेल्या बाया," बनुबाईंनी हात जोडले.

निकिता लेकीला छातीशी धरून रडत होती. रडता रडता थांबली.

"मॅडम... हिची मूठ बघा."

ज्ञानूची उजवी मूठ उघडेना, आणि पुरती मिटेनाही. आत बोटभर पोकळी होती, कुणाचं तरी बोट धरल्यासारखी. आणि तो इवलासा हात हळूहळू विहिरीच्या दिशेनं ताणला जात होता.