जावयाचा द्रोण

सरोज प्रधान आली तेव्हा विश्राम टिपणीस ठाण्याच्या खारकर आळीतल्या आपल्या ओसरीवर घड्याळ खोलून बसले होते आणि वामनराव रणदिवे त्यांना ते कसं खोलू नये हे सांगत होते. टिपणीस खाजगी तपासाची कामं घेत. वामनराव शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि उरलेला वेळ टिपणिसांच्या मागे घालवत. तपासातलं त्यांना फारसं कळत नसे, जेवणातलं मात्र सगळं कळे.

सरोज कल्याणची. तिशीही उलटली नव्हती, पण रडून रडून चेहरा पार उतरला होता. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

"माझ्या बहिणीला विष घालून मारलंय," ती म्हणाली. "प्रमोदिनी तिचं नाव. पोलिसांनी भावोजींना धरलंय. त्यांची मुलगी जया आता माझ्या माहेरी असते, मीही तिथंच आहे. सहा वर्षांची पोर, रोज विचारते, बाबा कधी येणार? त्यांनीच केलं असेल, तर मी तिला त्यांचं नावही काढू देणार नाही. पण केलं नसेल, तर आई गेलेल्या पोरीचा बापही फासावर जाईल. मला खरं काय ते कळायला हवं. बाकी काही नको."

टिपणिसांनी घड्याळ बाजूला सारलं.

घोडबंदर रोडवर, ओवळ्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला कर्णिकांचं विश्रांतिगृह होतं. बावन्न साली मुंबईच्या बड्या मंडळींत या जागेचा फार बोलबाला होता. रविवारी मोटारींची रांग लागे. सुरूच्या झाडांखाली पांढरी चादर घातलेली टेबलं, त्यावर चिनी मातीच्या भांड्यांऐवजी हिरवीगार केळीची पानं, आणि पानावर कोलंबीची खिचडी, वालाचं बिरडं, तिसऱ्यांचं सुकं. दारूबंदीमुळे प्यायला कोकमाचं सरबत. साहेबलोक ते असं काही चवीनं पीत, की दारूबंदी त्यांच्याच विनंतीवरून आली असावी.

विश्रांतिगृहाचा मालक प्रभाकर कर्णिक हा प्रमोदिनीचा आणि सरोजचा थोरला भाऊ, विधुर. स्वयंपाकघर त्यांच्या आत्याच्या, कमळाबाईंच्या हाती. या बाई बालविधवा. स्वतः मासळीला तोंड लावत नसत, पण त्यांच्या हातच्या कोलंबीसाठी लोक मलबार हिलवरून येत. आई लवकर गेल्यावर या मुलींना त्यांनीच वाढवलं. प्रमोदिनी धाकटी, म्हणून तिच्यावर जीव जरा जास्त.

प्रभाकर त्यांना न्यायला गाडी घेऊन आला. वाटेत त्याने जे घडलं ते सांगितलं.

वैशाखात प्रमोदिनी जयाला घेऊन माहेरी आली होती. आठवडाभर राहिली. रविवारी तिचा नवरा त्र्यंबक मोहिले तिला घरी न्यायला आला. विश्रांतिगृह पाहुण्यांनी भरलेलं. घरची पंगत मागच्या पडवीत पाटांवर बसली. प्रभाकर, त्र्यंबक आणि जया जेवले. मागून प्रमोदिनी जेवली. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि उजाडायच्या आत ती गेली.

"आम्हाला वाटलं, पटकी," प्रभाकर म्हणाला. "आमचा वाढपी काळुराम म्हणे कोलंबी बाधली. एकटी आत्या पहिल्या उलटीपासून म्हणत होती, हिला विष बाधलंय, गाडी काढ, ठाण्याला ने. मला वाटलं, म्हातारी घाबरून बोलतेय. मी गावातल्या वैद्याला बोलावलं आणि वेळ घालवला. तेव्हाच तिचं ऐकलं असतं, तर कदाचित…"

वाक्य अर्धंच सोडून त्याने गाडीचा वेग वाढवला.

विश्रांतिगृहाचं नाव जाईल या भीतीने प्रभाकरने त्या दिवसाचं उरलंसुरलं सगळं तसंच ठेवलं होतं. खड्ड्यात टाकलेली पानंसुद्धा त्याने कुणाला जाळू दिली नाहीत. त्यामुळेच छडा लागला. तपासणीत बाकी अन्न स्वच्छ निघालं. सोमल, म्हणजे उंदीर मारायचं विष, सापडलं ते एकाच ठिकाणी, पानाच्या एका छोट्या द्रोणात. त्याच्या तळाशी साखरांबा लागलेला होता. साखरांब्याच्या बरणीत मात्र काही नव्हतं.

"द्रोण कुणाचा?" टिपणिसांनी विचारलं.

"भावोजींच्या पानावरचा. जावई म्हणून त्यांना वेगळा द्रोण. आम्हा बाकीच्यांना साखरांबा नव्हता."

"मग तो तुमच्या बहिणीने कसा खाल्ला?"

प्रभाकरने मान खाली घातली. माघात दोघं काशीला जाऊन आल्यापासून प्रमोदिनी नवऱ्याच्या उष्ट्या पानात जेवत असे. कर्णिकांच्या घरातून ही चाल केव्हाच गेली होती. त्र्यंबकनेच ती तिच्यामागे लावली. पाडव्याला दोघं जेवायला आली, तेव्हा प्रभाकरने ते प्रथम पाहिलं. आत्या तेव्हा बरी कल्याणला होती, सरोजच्या बाळंतपणासाठी.

"आणि नवऱ्याने साखरांबा पानावर का सोडला?"

काशीला गेलं की आवडीचं एक फळ सोडून यायचं, ते त्र्यंबकनेही केलं होतं. त्याने आंबा सोडला. पाडव्यालाही साखरांबा त्याच्या पानावर तसाच राहिला होता आणि तो प्रमोदिनीने खाल्ला होता.

वामनरावांनी टिपणिसांच्या कानाशी लागून सांगितलं की यात आता शोधायचं ते काय उरलं? नवऱ्याला ठाऊक, आपण आंबा खाणार नाही. त्यालाच ठाऊक, बायको आपल्या पानातलं खाणार. चिमूटभर सोमल टाकायला असा कितीसा वेळ लागतो? फौजदारांचंही म्हणणं नेमकं हेच होतं. शिवाय त्र्यंबकला मुलगा हवा होता, आणि एक बायको असताना दुसरी करायला कायद्याने बंदी आली होती.

टिपणीस फक्त "हं" म्हणाले. वामनरावांना हा "हं" मुळीच आवडत नसे.

विश्रांतिगृह महिनाभर बंदच होतं. टेबलं घडी करून भिंतीला लावलेली. सुरूखाली जया एकटीच खडे मांडून खेळत होती. प्रभाकरने जेवायचा आग्रह केला तेव्हा आपल्याला भूक नाही असं वामनरावांनी सांगितलं. असं ते जन्मात प्रथमच म्हणाले असतील.

वाढपी काळुराम पाटील जवळच्याच आगरी पाड्यातला, वीस वर्षं या घरात. त्याला बोलतं करणं जड गेलं नाही. सोमल कोठीघरात उंदरांसाठी ठेवलेला असे आणि कोठीला कधी कुलूप नसे, विहिरीवर पाय धुवायला जाणारा प्रत्येकजण तिथूनच जाई. द्रोण कमळाबाईंनी भरून तबकात ठेवला होता, "हा जावयांचा" असं बजावून.

"त्र्यंबकराव आंबा खात नाहीत, हे तुला माहीत होतं?" टिपणिसांनी विचारलं.

"व्हय तं. पाडव्यालाच बघितलं."

"मग वाढलास कशाला?"

"म्हनलं, ताय खाईल," काळुराम म्हणाला आणि पंच्याने डोळे पुसू लागला. "तिला लय आवरायचा ना."

त्र्यंबकच्या हाताकडे काही लक्ष होतं का, यावर त्याने सांगितलं की समोरच उभा होतो पण काही टाकताना दिसलं नाही. त्यांनी द्रोण उचलून शेजारच्या जयाला दिला, तू खा म्हणाले. पोरीचं पोट भरलं होतं, तिने मान हलवली. मग त्यांनी तो परत पानावर ठेवला आणि उठले. फौजदारांनी त्याला हे विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलंही नव्हतं.

प्रमोदिनीचं कुणाशी वाकडं होतं का, हा प्रश्न टिपणिसांनी सगळ्यांना विचारला. काळुरामला तर प्रश्नाचाच राग आला. तायसारखं मानूस कुठं मिलंल, म्हणाला.

कमळाबाई स्वयंपाकघरात चुलीपाशी बसल्या होत्या. पाहुण्यांसमोर जायचं नाही ही त्यांची जुनी रीत, त्यामुळे पडवीतसुद्धा पुरुषांची पंगत असली की त्या कधी यायच्या नाहीत. टिपणीसच आत जाऊन जमिनीवर बसले.

बाई तुटक बोलत होत्या. त्यांच्या मते त्र्यंबकनेच पोरीला मारलं, आज नाही तर उद्या मारलंच असतं. आठवडाभर त्या रोज प्रमोदिनीच्या अंगाला तेल लावत होत्या, तेव्हा त्यांनी तिची पाठ पाहिली होती. "पट्ट्याचे वळ होते. मला म्हणाली, आत्या, दादाला सांगू नको. मी कुण्णाला सांगितलं नाही."

त्या रविवारी ती जेवायला कुठे बसली, असं टिपणिसांनी विचारलं.

"माझ्याजवळ यायची ती. आठवडाभर इथंच जेवली, माझ्याशेजारी. रविवारीही मी तिचं पान इथं मांडून वाट बघत बसले. आलीच नाही."

"आणि साखरांबा?"

"तो मी जावयांसाठी काढला. त्यांना लागतोच. द्रोण चाटून पुसून ठेवतात." बोलता बोलता त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

परत जाताना टिपणीस ठाण्याच्या कोठडीत त्र्यंबकला भेटले. उंच, देखणा, ताठ माणूस. दाढी वाढलेली. त्याने एकदाही गयावया केली नाही.

"मी हात उचलायचो," तो म्हणाला. "ते कबूल. तेवढ्यासाठी फाशी देणार असाल तर द्या. विष मी घातलं नाही." मग त्याने विचारलं, "जया जेवते का नीट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टिपणिसांनी सगळ्यांना मागच्या पडवीत बसवलं. सरोज, प्रभाकर, काळुराम. कमळाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड बसल्या. जयाला अंगणात खेळायला पाठवलं होतं. टिपणिसांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. या कामाचा त्यांना मनापासून वीट आला होता, हे वामनरावांनाही कळलं.

"त्र्यंबकरावांनी द्रोण आधी जयाला दिला," त्यांनी सुरुवात केली. "तिने नको म्हटलं म्हणून ती वाचली. बायकोवर हात उचलणारा माणूस आहे तो, पण कोठडीतसुद्धा त्याला चिंता मुलीच्या जेवणाची. विष आहे हे माहीत असतं, तर त्याने तो द्रोण तिच्यापुढे धरला नसता. म्हणजे त्याला माहीत नव्हतं."

सरोजने तोंडाला पदर लावला.

"मग विष कुणासाठी होतं? प्रमोदिनीबाईंचा राग करणारं या घरात कुणी नाही, हे तुम्ही सगळ्यांनीच सांगितलंत. द्रोणावर नाव जावयाचं होतं. विष त्यांच्यासाठीच होतं, ते चुकून तिच्या पोटात गेलं. आता अशी चूक कोण करील? ज्याला वाटतं, त्र्यंबकराव अजून आंबा खातात, आणि जे पानावर उरेल ते कुणी खाणार नाही. प्रभाकरपंत आणि काळुराम या दोघांनी पाडव्याची पंगत पाहिली होती. द्रोण कुणाच्या तोंडी जाणार हे दोघांना ठाऊक होतं. ते असं करणं शक्य नाही."

वामनराव हळूहळू उंबऱ्याकडे वळले. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांना वेळेवर कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटलं.

"पाडव्याला एक व्यक्ती इथं नव्हती," टिपणीस म्हणाले. "ती पंगतीत कधी येत नाही. जावई साखरांबा चाटून पुसून खातात असं तिने मला कालही सांगितलं. प्रमोदिनी आपल्याजवळ जेवेल म्हणून तिने पान मांडलं. पाठीवरचे वळ फक्त तिने पाहिले होते, आणि रविवारी नवरा न्यायला येणार होता. आणि सगळे पटकी म्हणत होते तेव्हा विष हा शब्द पहिल्यांदा तिनेच उच्चारला. कमळाबाई, तुम्हाला कसं कळलं?"

कमळाबाई उंबऱ्याआडून थोड्या पुढे सरकल्या.

"पिवळं पडलं होतं ना," कमळाबाई म्हणाल्या. "तिच्या पदरावर. पहिल्या उलटीत. केशर घातलेलं असतं मी साखरांब्यात." त्यांचा आवाज अगदी साधा होता, घरातलं काही सांगावं तसा. "त्यांचं तिने कसं खाल्लं, तेच मला कळेना. अजून कळत नाही. सांग ना प्रभाकर, का खाल्लं तिने?"

प्रभाकरला सांगावं लागलं. उष्ट्या पानाचं, काशीचं, सगळं. तो हमसून हमसून रडत होता. "मी तुला सांगणार होतो आत्या. तीच म्हणाली, आत्याला कळू देऊ नकोस, तिला सहन होणार नाही."

कमळाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला धरलं तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, निदान तो तरी जाऊ दे. तेवढं तरी होऊ दे."

"आत्या, जयाचा बाप आहे तो," सरोज म्हणाली.

"तिच्या आईला मारायचा."

"हो. आणि तू?"

प्रभाकर उठला आणि फौजदारांना आणायला गाडीकडे गेला. जाताना त्याने आत्याच्या पायांना हात लावला की नुसताच वाकला, ते वामनरावांना दिसलं नाही. त्यांनी मान फिरवली होती.

तेवढ्यात जया मागच्या दाराने आत आली. तिचे हात मातीने भरले होते.

"आत्याआजी, भूक लागली."

कमळाबाई सवयीने उठल्या. महिनाभर या पोरीला त्यांनीच भरवलं होतं. त्यांनी तिचे हात धुतले, पाट मांडला, भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि डाव हातात घेतला.

सरोज धावत आत गेली. तिने त्यांच्या हातातून डाव काढून घेतला.

कमळाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना समजलं. त्या चुलीपासून उठल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

सरोजने तो भात तसाच मोरीत ओतला, बरणीतून नवे तांदूळ काढले, स्वतः धुतले आणि चुलीवर ठेवले. तिचे डोळे गळत होते, पण ती थांबली नाही.

"मावशी, आत्याआजीलाच वाढू दे ना," जया म्हणाली.

"आज मी वाढते हं, राणी," सरोज म्हणाली. भात शिजल्यावर तिने पोरीला तो मऊ कालवून दिला, आणि कमळाबाई दूर बसून तिला जेवताना बघत राहिल्या.