उशाजवळचं स्टूल

त्या दुपारी मी घराबाहेर पडले ती फक्त एका स्क्रूसाठी. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू, पण तो हरवला की मोटारीवरचा दांडा जागेवर राहत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने चार पुड्यांतले स्क्रू काउंटरवर ओतले आणि मी त्यातून माझा शोधत असताना सहज विचारलं, "काय मॅडम, यंदा मुलांकडून रोबो करून घेताय वाटतं?"

"हो," मी म्हटलं, "मुलांसाठीच."

खोटं बोलताना काही वाटलं नाही. वाटलं ते परत येताना, जिना चढताना. तो स्क्रू माझ्या आईसाठी होता, आणि आईला तो कशासाठी लागतो हे त्या परक्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. अजूनही वाटते. तुम्ही एवढं विचारलंत म्हणून सांगते आहे. मधेच गप्प झाले तर घाई करू नका.

मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. पूर्वी शाळेत, आता घरूनच, स्क्रीनवर. दुपारचा वर्ग हौशी मुलांचा. पत्त्याच्या पानाहून लहान असा एक बोर्ड केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, बोर्डाला सर्व्हो मोटार जोडायची, आणि इथे आकडा टाइप केला की तिथे मोटार हलली पाहिजे. सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी मोटार, खेळण्यातल्या विमानाचं शेपूट हलवते ती. ती पंख्यासारखी गरगर फिरत नाही. तिला कोन सांगायचा. चाळीस म्हटलं की चाळीस अंशांवर जाऊन थांबते, पासष्ट म्हटलं की पासष्टवर. पहिल्याच दिवशी मी मुलांना एक गोष्ट बजावते. ही साधी मोटार सांगितलेलं करते, पण केलं की नाही ते परत कळवत नाही. स्क्रीनवर पासष्ट दिसतंय याचा अर्थ तुम्ही पासष्ट सांगितलंत, एवढाच. ती खरंच कुठे आहे ते बघायला जागेवरून उठावं लागतं.

आई शेजारच्या खोलीत असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगाला खिळलेली, आणि डोळ्यांचा पडदा गेल्यामुळे उजेड आणि अंधार यापलीकडे तिला काही दिसत नाही. रात्र ती गोळीवर काढते. दुपारी मात्र कुणी खांद्यावर थोपटल्याशिवाय तिचा डोळा लागायचा नाही. "भरदुपारी हे घर फार मोठं होऊन बसतं गं," म्हणायची. मी उशाजवळ स्टूल ओढून बसायचे, थोपटायचे आणि एक डोळा घड्याळावर ठेवायचे. वर्गाची वेळ झाली की हात हळूच काढून घ्यायचे, की लगेच तिचे डोळे उघडायचे. एकदा माझा तोल सुटला. "किती वेळ गं आई! मला काय दुसरी कामं नाहीत?"

त्यानंतर तिने "थोपट" म्हणून कधी सांगितलं नाही. पण वर्ग संपवून मी आत गेले की ती टक्क जागी असायची, आणि तिचा हात रिकाम्या स्टुलावर पडलेला असायचा.

त्या हाताकडे बघवेना म्हणून मी यंत्र केलं. माझा जुना कातडी हातमोजा घेतला, त्यात वाळू आणि कापूस भरून तो माझ्या हाताइतका जड केला. मोजा एका लाकडी पट्टीला बांधला आणि पट्टी मोटारीच्या दांड्यावर बसवली. यंत्र पलंगावर उशीशेजारी ठेवायचं, आणि त्याची लांब वायर दारातून बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत ओढली. एवढं वजन उचलायला बोर्डावरची वीज पुरत नाही, म्हणून मोटारीला वेगळा ॲडॉप्टर दिला. तिची कुर्रकुर्र ऐकू येऊ नये म्हणून तिला लोकरीत गुंडाळलं आणि वर पंखा लावून ठेवला. मोजा गार लागू नये म्हणून आधी गरम पाण्याच्या पिशवीखाली ठेवायचा, हेसुद्धा मला सुचलं. किती ती काळजी! एवढ्या वेळात मी तिला स्वतःच्या हाताने दोनदा झोपवलं असतं.

"झोप आता, मी आहे इथेच," असं म्हणायचं, हात काढून घ्यायचा, मोजा टेकवायचा आणि बाहेरच्या खोलीत येऊन वर्ग सुरू करायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडी असायची. चाळीस, पासष्ट, चाळीस, पासष्ट. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आणि आई झोपायला लागली. मी यंत्र उचलून ठेवलं की शेजारच्या काकू कधी आत डोकावायच्या, तिचा शांत चेहरा बघायच्या आणि मला म्हणायच्या, "अशी लेक हवी. आमची तर फोनसुद्धा उचलत नाही." माझी मान खाली जायची आणि काकूंना तो विनय वाटायचा. लांब राहणाऱ्या भावाला तेवढं खरं काय ते सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, कमाल आहेस तू! व्हिडिओ पाठव ना, ऑफिसात दाखवतो." मी पाठवलासुद्धा.

पुढे वर्ग नसेल त्या दिवशीही मी यंत्र लावायला लागले. बाहेरून कुलूप घालायचे आणि केस कापून यायचे, बागेतल्या बाकावर नुसती बसून यायचे. आईला कोण बघतंय, असा प्रश्नच मनात येत नसे. स्क्रीनवर आकडे चालू आहेत, म्हणजे सगळं नीट चालू आहे.

एकदा संध्याकाळी तिची वेणी घालायला बसले. एरवी उशीवर झोपून केसांचा नुसता गुंता होतो. त्या दिवशी कपाळावरची एक बटही विस्कटलेली नव्हती.

"आज केस अगदी चापूनचोपून बसलेत की," मी म्हटलं.

"तूच तर मागे सारलेस दुपारी. एकेक बट करून."

माझ्या हातातला कंगवा थांबला. माझं यंत्र वर जातं आणि खाली येतं. मोज्याला बोटं आहेत, पण ती वाळूची.

"स्वप्न पडलं असेल तुला, आई."

"असेल," ती म्हणाली.

मीही तेच धरून चालले. तसं धरून चालणं सोयीचं होतं.

तर, तो स्क्रू. त्या सकाळी दांडा मोटारीवरून निखळला आणि स्क्रू कुठे घरंगळला तो सापडेना. मी दांड्याला चिकटपट्टीचे चार वेढे घातले, दुपारी आईच्या खांद्यावर मोजा टेकवला, आकडे सुरू केले, कुलूप घातलं आणि दुकानाकडे धावले. चिकटपट्टी किती वेळ टिकणार, याची मला खात्री नव्हती. दांडा सुटून तिच्या अंगावर पडला, तिने चाचपून पाहिलं, तर? तिला लागेल याची भीती होतीच. पण खरं सांगते, तिला कळेल याची त्याहून जास्त होती.

परत येऊन कुलूप काढलं. बाहेरच्या खोलीत पडदे ओढलेले, रस्त्यावर कुणी नाही, भिंतीवर उन्हाची एक उभी रेघ. स्क्रीनवर आकडे चालू होते. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता. थप, थप. माझा जीव भांड्यात पडला. चिकटपट्टी टिकली होती.

चप्पल काढता काढता लक्षात आलं की आवाजात काहीतरी वेगळं आहे. थप, थप... आणि मग थांबणं. पुन्हा थप, थप... पुन्हा थांबणं. दमलेलं माणूस थोपटतं तसं. माझ्या प्रोग्रामात थांबणं नव्हतंच. एकामागून एक, सारख्या अंतराने, एवढंच मी लिहिलं होतं. नीट कान दिला तेव्हा मोटारीची कुर्रकुर्रही ऐकू आली. ती तशीच चालली होती, न थांबता. थापांशी तिचा काही संबंध नव्हता.

दाराजवळ एक वास होता. घाण नव्हे. वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेले कपडे एकदम उलगडावेत, तसा.

"आई..." मी हाक मारली. "आई, जागी आहेस...?"

थापा थांबल्या.

मी दार ढकललं. आई कुशीवर झोपली होती, श्वास संथ. यंत्र तिच्याजवळ नव्हतं. ते पार भिंतीकडेला जमिनीवर ठेवलेलं होतं, लहान मुलाचं खेळणं आवरून ठेवावं तसं. जास्तीच्या वायरीची गुंडाळी करून ठेवली होती. सुटलेला दांडा शेजारी, त्यावर मोजा, तळवा वर. मोटारीचं उघडं टोक एकटंच इकडून तिकडे वळत होतं, चाळीस, पासष्ट. स्टूल मात्र मी ठेवते त्याहून पलंगाच्या जवळ ओढलेलं होतं. मी त्यावर हात ठेवला. नुकतंच कुणी उठून गेल्यावर जागा गरम असते ना, तशी ती गरम होती.

मी मोटार बंद केली आणि आई उठेपर्यंत जमिनीवर बसून राहिले. स्टुलावर बसायचं धाडस झालं नाही. उन्हं उतरून खोलीत काळोखी यायला लागली, तेव्हा ती हलली.

"आई, दुपारी... इथे कोण होतं?"

ती हसली. "म्हणजे तू नव्हतीस, हे आज सांगतेस होय?"

"तुला माहीत होतं?"

"अगं, डोळे गेलेत माझे. खांदा कुठे गेलाय? पहिल्याच दिवशी कळलं. वाळूचा हात तो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला लाज वाटली असती ना," ती म्हणाली, अगदी सहज.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस ती त्या वाळूच्या मोज्याखाली झोपेचं सोंग घेऊन पडत होती, माझी अब्रू राहावी म्हणून. तिचे पाय धरावेत असं वाटलं, पण तेही जमलं नाही.

"आणि... आज होतं ते?" मी विचारलं.

"ते होय." तिने मान उशीवर नीट केली. "मी काही विचारलं नाही. जागा रिकामी होती, बसलं कुणीतरी. बरेच दिवस येतंय."

"पण कोण, आई...? बाबा?"

"छे! तुझ्या बाबांना कुठे यायचं थोपटायला? त्यांना पेलासुद्धा हळू ठेवता यायचा नाही." मग आवाज उतरवून म्हणाली, "हा हात चांगला आहे. त्याला कुठे जायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी यंत्र सुटं करून खणात टाकलं. मुलांना वर्ग नाही म्हणून कळवलं. पंखा बंद केला, मोबाइल बाहेर ठेवला आणि स्टुलावर बसले. आता रोज मीच बसणार होते. आईच्या खांद्यावर थोपटायला लागले. तिच्या पातळ कातडीखालचं हाड हाताला लागत होतं. मी ते विसरूनच गेले होते.

थोड्या वेळाने ती डोळे न उघडता म्हणाली, "किती घाई गं तुझ्या हाताला. जा तू. मुलं वाट बघत असतील."

"नाही जाणार मी. वर्ग नाहीये आज."

मी हात हळू केला. बाहेर सगळं सामसूम. आणि तो वास आला, घडीच्या कपड्यांचा, माझ्या अगदी मागून. मी मान वळवली नाही. हात तिच्या खांद्यावर तसाच थांबला.

मग माझ्या हाताच्या पाठीवर दोन थापा पडल्या. थांबणं. पुन्हा दोन.

जोरात नव्हत्या, गारही नव्हत्या. आपण चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलो, तर तो माणूस न रागावता खांद्याला हात लावून उठवतो ना, तशा होत्या.

मला ओरडता आलं असतं. तिचा खांदा घट्ट धरून बसून राहता आलं असतं. आई माझी होती, जागा माझी होती. पण मी उठले. घाबरून उठले, असं मी काकूंनाही सांगू शकेन. तुम्हाला मात्र खरं सांगते. उठताना माझी नजर घड्याळाकडे गेली, आणि मनात आलं, वर्ग अजूनही घेता येईल.

त्या दिवसापासून मी दुपारी आत जात नाही. कानाला हेडफोन लावून शिकवते. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण मोटार खरंच हलली की नाही ते कळणार कसं?" मी म्हटलं, "उठून बघायचं." आणि बसून राहिले.

संध्याकाळी मात्र आईला मीच भरवते. दुधात पाव कुस्करते, पलंगाशी उभी राहते आणि तिची हनुवटी जरा वर करते. हल्ली माझा हात लागला की ती दचकते.

"कोण?" विचारते.

मी बोलायच्या आत ती तोंड स्टुलाकडे वळवते, थोडा वेळ ऐकते, मान हलवते.

"हो का? लेक आहे होय," म्हणते.

मग घास घेते.