अडकलेला श्वास

“अशी रागाने किल्ली फिरवलीत, तर ती आणखी रुसेल हं!”

मेलिहाने दचकून वर पाहिलं. काचेवरचा बर्फ नखांनी खरवडून तिने तळहाताएवढी जागा मोकळी केली होती. तिथून दोन तपकिरी डोळे आत डोकावत होते. भुवयांवर हिम, नाक लालबुंद, आणि तरी चेहऱ्यावर हसू!

“रुसायला ती माझी मैत्रीण आहे का?” मेलिहा तडकली. “मघापासून नुसती कण्हतेय!”

“मग ऐका ना तिचं. कुठे दुखतंय, तेच सांगतेय ती.”

सिएनित्साच्या पठारावरचा मेलिहाचा हा पहिलाच हिवाळा. ती वाढली समुद्रकाठी, उल्त्सिनमध्ये. तिथे थंडी म्हणजे अंगात एक स्वेटर. इथे सोडलेला श्वास पापण्यांवर गोठायचा. दूधसंघाने तिला जनावरांची डॉक्टर म्हणून बोलावलं होतं खरं, पण हिवाळाभर काम पाहून मगच कायम करणार होते. आणि गाडीचं हे असं!

डोकावणारा रिफात गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याने तिला दिवे लावायला सांगितले, मग किल्ली फिरवायला. दिवे एकदम मिणमिणले.

“काय कळलं?” त्याने विचारलं.

“बॅटरीत जोर नाही?”

“शाब्बास! गारठलीय बिचारी. रात्री काढून घरात नेत जा. इथे सगळे तेच करतात. आणि सुरू करताना क्लच दाबून धरा. इंजिनावरचं ओझं हलकं होतं.”

तेव्हापासून बॅटरी रात्रीची हायरा मावशींच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला यायला लागली. मेलिहा त्यांच्याकडेच भाड्याने राहायची. मावशी बॅटरीला ‘पाहुणी’ म्हणायच्या. आणि रिफात रोज सकाळी कुंपणापाशी उभा!

“काय म्हणतोय पेशंट, डॉक्टरीणबाई?”

“बरा आहे. मास्तर, एक विचारू? शाळा तर नदीपलीकडे आहे ना?”

“हो... पण इकडून चढ कमी लागतो.”

“इकडून तर जास्त लागतो!”

“असेल. तेवढाच व्यायाम.” तो लाल झाला. थंडीनेच असणार, असं मेलिहाने स्वतःला समजावलं.

तिला त्याची एक गोष्ट फार आवडायची. तो कधी तिला बाजूला सारून स्वतः हात घालायचा नाही. “आता काय बघाल?” असं विचारायचा आणि थांबायचा. तिला सुचेपर्यंत, बर्फात पाय आपटत, अगदी मजेत थांबायचा. असं थांबणारं माणूस तिने आधी पाहिलं नव्हतं. हळूहळू बर्फातल्या त्याच्या बुटांच्या कुरकुर आवाजाची तिला सवय झाली... मग ओढ लागली. पण तो मात्र पुढे काही बोलेना. तोंड उघडायचा, वाफेचा ढग यायचा आणि शब्द आतल्या आत विरायचे. “बरं... येतो मी.”

एका रविवारी सकाळी वरच्या वाडीतून फोन आला. उसेनबाबांची गाय अडली होती. मेलिहा धावली. मागच्या आठवड्यात एका गोठ्यावर ती उशिरा पोहोचली होती, आणि संघाने बजावलं होतं, ‘पुन्हा असं झालं तर दुसरा डॉक्टर आणू.’

तिने किल्ली फिरवली. मागून मावशींनी नेहमीसारखं तांब्याभर पाणी फेकलं. “पाण्यासारखं सुरळीत होऊ दे गं पोरी!” निघणाऱ्याच्या मागे पाणी ओतायचं, ही तिथली रीत.

इंजिन गरगरलं, एकदा खोकलं... आणि गप्प.

तेवढ्यात बुटांची कुरकुर!

“मास्तर, आज तर रविवार!”

“व्यायामाला कसली सुट्टी? काय झालं?”

“गाय अडलीय आणि ही पण! बॅटरी ठणठणीत आहे. पेट्रोलचा वास येतोय.”

त्याने प्लग काढून पाहिला. निळी ठिणगी छान उडत होती. तिने हवेची जाळी उघडली. स्वच्छ! रिफातने डोकं खाजवलं. आज पहिल्यांदाच त्याच्याकडे प्रश्न उरला नव्हता.

“मेलिहा... मला नाही कळत,” तो सरळ म्हणाला.

आणि त्याच क्षणी तो तिला सगळ्यात जास्त आवडला. तिने डोळे मिटले. नुकतं जन्मलेलं वासरू हललं नाही, तर आपण आधी काय बघतो? श्वास!

“आत जाणारी हवा पाहिली आपण. बाहेर येणारी?” हातमोजा काढत ती गाडीमागे पळाली. “रिफात, फिरव किल्ली!”

इंजिन गरगरलं. धुराच्या नळीसमोर धरलेल्या तिच्या तळव्याला फुंकरही लागली नाही. ती वाकली. बर्फाच्या ढिगाला धडकून नळीचं तोंड कधीच वर वाकलं होतं. आत बर्फाचं चकचकीत बूच बसलं होतं.

दोघांनी एकदमच मावशींकडे पाहिलं. मावशींनी तांब्या पाठीमागे लपवला.

“गाडी लवकर निघेना... म्हणून मी रोज जरा जास्तच ओतत होते!”

गरम पाण्यात पिळलेले टॉवेल नळीभोवती गुंडाळले, चुलीतली सळई आत घातली. बूच सैल झालं. मेलिहाने किल्ली फिरवली, आणि फट्! उरलेला बर्फ उडून थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळला. कोंबड्यांनी एकच कालवा केला. गाडीने मोठा, लांब श्वास सोडला.

“बिचारी,” मेलिहा हसली. “मनातलं बाहेर पडायला वाटच नव्हती. आणखी एक पेशंट आहे असा. रोज येतो, तोंड उघडतो...”

रिफातने तोंड उघडलं. वाफेचा ढग आला. पण या वेळी शब्दही आले.

“मला... बर्फ वितळल्यावरही यायचंय. गाडी बिघडली नाही तरी. तुला चालेल?”

“आधी आत बस. वासरू ओढायला आणखी दोन हात लागतील.”

“हे उत्तर झालं का?”

“गायीला थांबायला वेळ नाही, मास्तर. तू तर छान थांबतोस!”

मावशींनी या वेळी शहाणपण केलं. गाडी वळणाआड गेली, तेव्हाच तांब्या रिकामा केला.

संध्याकाळी दोघं परतले ते गोठ्यातल्या चिखलाने माखून, उसेनबाबांनी दिलेलं चीज मांडीवर घेऊन. वासरू उभं राहिलं होतं. गोठ्यावर आलेल्या संघाच्या माणसाने स्वतः मेलिहाचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, “डॉक्टरीणबाई, आता तुम्ही आमच्याच.”

रिफातने बॅटरी काढून आत नेऊन ठेवली. मग दारात घुटमळला.

“उद्या सोमवार,” मेलिहा म्हणाली. “शाळेला जायला नदीवरून सरळ रस्ता आहे ना?”

“आहे,” तो हिरमुसला.

तिने त्याच्या भुवईवरचं हिम बोटाने अलगद टिपलं.

“त्या रस्त्याने जाऊ नकोस.”